फाईल माझी, नोटीस मात्र मला नाही

नाव लिहीत नाही. बलात्काराच्या खटल्यातल्या बाईची ओळख उघड करणं गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम २२८-अ होतं, आता न्याय संहितेत ७२ आहे. स्वतःहून नाव द्यायची मुभा कायदा मला देतो, पण मला ती वापरायची नाही. खटला इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालला, त्यामुळे त्यातलं काही छापायचं तर कोर्टाची परवानगी लागते. वकील मॅडमनी अर्ज करून ती घेतली, नाव-गाव न देण्याच्या अटीवर. त्यामुळे गाव, हुद्दे आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. निकाल लागलाय. काय लागला ते सांगत नाही, कारण त्यावर अपील आहे. आणि घटनेबद्दल इथे काहीच नाही. ते मी सांगायचं तेवढ्या लोकांना सांगून झालंय.

लिहायचंय ते माझ्या समुपदेशनाच्या फाईलबद्दल.

तक्रार मी २०२२ साली दिली, घटनेनंतर जवळजवळ तीन महिन्यांनी. उशीर झाला की तो का झाला हे एफआयआरमध्ये लिहून घेतात, आणि घ्यावंच लागतं, कारण कोर्टात पहिला घाव तिथेच बसतो. ठाण्यातल्या पीएसआय मॅडमनी माझं ऐकून टाईप केलं: ‘त्यानंतर मी समुपदेशक यांच्याशी बोलले असता त्यांनी धीर दिल्याने आज रोजी समक्ष ठाण्यात येऊन फिर्याद देत आहे.’ वाक्य खरं होतं. मी सही केली. त्या वाक्यातून पुढे कोणी आत शिरेल असं तेव्हा ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अशा केसमध्ये बाई जे जे बोलते ते शेवटी आरोपीच्या हातात जातं. फिर्याद जाते. पुरवणी जबाब जातो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगितलेली हकीकत ‘हिस्टरी’ म्हणून फॉर्मवर लिहिली जाते, तीही जाते. मॅजिस्ट्रेटसमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली दिलेला जबाब दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत बंद राहतो, मग त्याचीही नक्कल मिळते. हे चूक आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपल्यावर काय आरोप आहे ते कळलंच पाहिजे. बलात्काराला २०१८च्या दुरुस्तीनंतर किमान १० वर्षं शिक्षा आहे. एवढं डोक्यावर असताना माणसाला कागद न देता खटला चालवता येत नाही.

पण म्हणूनच एक जागा लागते, जिथे बोललेलं कागदपत्रांत जात नाही. माझ्यासाठी ती माझ्या समुपदेशक ताईंची खोली होती. एका संस्थेचं केंद्र, मागच्या बाजूला खोली, लोखंडी कपाट, दोन खुर्च्या, टेबल फॅन. ताई एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी झालेल्या, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेलं. त्या बोलताना फारसं लिहीत नसत, मी गेल्यावर फुलस्केपवर निळ्या पेनाने लिहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ‘इथलं इथेच राहील.’ मी विश्वास ठेवला, त्यांचाही स्वतःवर होता.

दोषारोप निश्चित झाले, माझ्या साक्षीची तारीख लागली आणि एके दुपारी ऑफिसात ताईंचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. संस्थेला कोर्टाची नोटीस आली होती, सोबत बचाव पक्षाच्या अर्जाची प्रत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली मागणी केलेली: फिर्यादीच्या समुपदेशनाची संपूर्ण फाईल, सर्व नोंदी, तारखा, तिने भरलेले फॉर्म आणि काही रेकॉर्डिंग असल्यास तेही. संस्थेने पुढच्या तारखेला आपला ‘से’ द्यावा, म्हणजे म्हणणं मांडावं.

‘तुला आलं ना?’ ताईंनी विचारलं.

मला काहीच आलं नव्हतं. आणि येणारही नव्हतं, हे मला नंतर कळलं. कलम ९१ म्हणतं की तपासासाठी किंवा खटल्यासाठी एखादा दस्तऐवज ‘आवश्यक किंवा इष्ट’ वाटला, तर तो ज्याच्या ताब्यात असेल त्याला हजर करायला सांगता येईल. ज्याच्या ताब्यात असेल त्याला. ज्याच्याबद्दल असेल त्याला नव्हे. फाईल ताईंच्या कपाटात, म्हणून नोटीस ताईंना. ताईंनी फोन केला नसता, किंवा संस्थेतल्या कोणी निमूटपणे झेरॉक्स काढून कोर्टात जमा केली असती, तर मला थेट उलटतपासात कळलं असतं. तेही समोरच्या वकिलांच्या हातात निळ्या शाईची पानं दिसल्यावर.

मी आधी सरकारी वकिलांकडे गेले. माणूस वाईट नाही, पण बोर्डावर रोजची इतकी प्रकरणं की फिर्यादी समोर उभी राहिली तर आधी गुन्हा नंबर विचारायचा. कोर्टातली पोलिसांची कामं बघणाऱ्या पैरवी अधिकाऱ्यांनी माझी फाईल शोधून दिली. वकीलसाहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, ‘देऊन टाकू की. तुम्ही पहिल्या दिवसापासून एकच सांगताय हे त्यातून दिसेल. नाही दिली तर म्हणतील, काहीतरी दडवताय.’

त्यांचं चूक नव्हतं. पुरावा कायद्यात तसं आहेच: जो पुरावा देता आला असता आणि दिला नाही, तो दिला असता तर न देणाऱ्याच्याच विरुद्ध गेला असता असं कोर्ट धरू शकतं. त्यांना केस जिंकायची होती. मलाही. पण त्या फाईलमध्ये केसपेक्षा माझ्या आईबद्दल जास्त होतं, हे मी त्यांना व्हरांड्यात उभ्याने कसं सांगणार?

वकील करायचा तर पैसे नव्हते. मग कळलं की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ठाण्यात नाही, हॉस्पिटलमध्ये नाही, कोर्टात तर नाहीच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात तळमजल्यावर प्राधिकरणाची पाटी होती, मी तिच्यासमोरून कितीदा तरी गेले असेन. एक पानी अर्ज, आधारची झेरॉक्स, आणि आठवड्याभरात वकील मॅडमचं नाव मिळालं.

मॅडमनी पहिलं काम सांगितलं ते माझ्या अंगावर आलं. ‘तुमची फाईल तुम्ही वाचून या. त्यात काय आहे हे माहीत नसताना मी कशासाठी भांडू?’

ताईंच्या खोलीत बसून मी माझी फाईल वाचली. माझ्याबद्दल कोणी तिऱ्हाइताने लिहिलेलं पहिल्यांदाच वाचत होते. अक्षर घाईतलं, अर्धे शब्द तोडलेले. एका पानावर होतं: ‘रडली नाही. पूर्ण वेळ रुमालाच्या घड्या.’ खाली: ‘झोप २-३ तास. जेवण कमी.’ आणखी एका पानावर ‘अपराधी भाव’ असं लिहून पुढे अधिकची तीन चिन्हं, आणि त्याखाली अवतरणात माझं वाक्य: ‘मीच वर गेले नसते तर काही झालंच नसतं. चूक माझीच.’ शेजारी ताईंची टीप, ‘पुढील वेळी यावर काम.’

ते वाक्य मी बोलले होते, एकदा नाही, पुष्कळदा. ताईंच्या खोलीत ते वाक्य म्हणजे दुखणं होतं. अशा प्रसंगातून गेलेल्या बहुतेक बाया असंच बोलतात, आणि ते बोलून बाहेर काढायलाच तिथे जातात. तेच वाक्य कोर्टात गेलं की कबुली होतं. ‘चूक माझीच असं आपण समुपदेशकांना सांगितलं होतं, हे खरं आहे काय?’ हो की नाही एवढंच उत्तर द्यायचं. ‘पुढील वेळी यावर काम’ ही टीप कोण वाचून दाखवणार?

बाकीची पानं तर खटल्याशी दूरान्वयानेही संबंध नसलेली. आईने सुरुवातीला सांगितलं होतं की बोलू नकोस, धाकटीचं लग्न व्हायचंय. त्यावरून मी आईला काय काय बोलले, मनात काय काय आलं. भावाचं कर्ज. कॉलेजात असताना एका मुलावर जीव होता तो, आणि त्याच्याबरोबरचं सगळं. शेवटच्या गोष्टीवर बचाव पक्षाने कोर्टात प्रश्नही विचारायचा नाही असा कायदा आहे. पुरावा कायद्याचं कलम ५३-अ आणि १४६चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट: संमतीचा प्रश्न असेल तर बाईचा आधीचा लैंगिक अनुभव काढता येत नाही. म्हणजे जो प्रश्न तोंडाने विचारायला बंदी, त्याचं उत्तर फाईलमधून आयतं मिळणार होतं.

माझ्या मनात तेव्हा आलं की ताईंनी ही पानं फाडून टाकावीत. मी तसं मॅडमना बोलूनही दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुरावा म्हणून हजर होऊ नये म्हणून कागद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दंड संहितेचं कलम २०४, आणि तो ताईंवर लागेल. मग त्यांनी कॅनडातली गोष्ट सांगितली. तिथे विंडसर नावाच्या गावात अशाच एका मदत केंद्राने, पोलिसांनी फाईल न्यायला यायच्या आतच नोंदी फाडून टाकण्याचं धोरण ठेवलं होतं. ते प्रकरण ‘कॅरोसेला’ या नावाने तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९७ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला: नोंदी नष्ट झाल्यामुळे आरोपीला आता न्याय्य खटला मिळणं शक्य नाही, सबब खटलाच थांबवावा. बाईला वाचवायला कागद फाडले, आणि बाईची केसच गेली.

त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा बदलला, हेही मॅडमनी सांगितलं, आणि मला खरी गोडी लागली ती इथे. आता तिथे आरोपीला अशी फाईल हवी असेल तर लेखी अर्ज करावा लागतो आणि ती कशासाठी हवी ते नेमकं सांगावं लागतं. बाई समुपदेशनाला जात होती, किंवा फाईलमध्ये तिच्या बोलण्याशी विसंगत काही असू शकेल, एवढं म्हणून भागत नाही. अर्जाची नोटीस बाईला द्यावी लागते, तिला आपलं म्हणणं मांडता येतं. न्यायाधीश आधी ठरवतात की फाईल स्वतः बघायची तरी का. बघितली तर मग ठरवतात की त्यातलं काय, किती, कोणत्या अटींवर द्यायचं. १९९९मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला. आरोपीचा हक्क, बाईचा खासगीपणा आणि तिला मिळायची समान वागणूक, ह्यातलं एकही दुसऱ्याच्या वरचढ मानायचं नाही, असं म्हणून.

आपल्याकडे ह्यातलं काहीही नाही. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं पुरावा कायदा झाकून ठेवतो, नवरा-बायकोतलं झाकतो. समुपदेशकाचं नाव त्या यादीत नाही. कायदा १८७२चा, तेव्हा समुपदेशक नव्हते हे समजू शकतं. २०२३ला त्याच्या जागी नवा साक्ष अधिनियम आला तेव्हा होते.

मग २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्याचं कलम २३. मला वाटलं, सापडलं! उपचारांबद्दलची सगळी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात सरळ लिहिलाय. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, मानसिक आरोग्य मंडळ किंवा तसा अधिकार असलेलं वैधानिक प्राधिकरण यांचा आदेश. मॅडम म्हणाल्या, ‘थांबा, आनंद करू नका.’ तो हक्क आहे ‘मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला’. म्हणजे त्या कलमाचा आडोसा घ्यायचा तर मी आधी म्हणायचं की मला मानसिक आजार आहे. लगेच समोरून प्रश्न येणार, आजारी आहे तर हिच्या साक्षीवर भरवसा कसा ठेवायचा? त्यावर त्याच कायद्यात उत्तर आहे, की केवळ मानसिक आजार आहे म्हणून ती व्यक्ती अस्थिर बुद्धीची ठरत नाही. पण ते उत्तर आपण देईपर्यंत शब्द कोर्टात पडून गेलेला असतो. दुसरी अडचण ताईंच्या पदवीची. कायद्यातले मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, परिचारिका, सायकिअॅट्रिक सोशल वर्कर वगैरे. एमएसडब्ल्यू झालेली केंद्रातली ताई त्यात बसते की नाही ह्यावर वाद घालता येतो. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, माझ्यासारख्या बाईला भेटते ती बहुतेक वेळा अशी ताईच. मुंबईत दर तासाला पैसे मोजून सायकॉलॉजिस्टकडे जाणाऱ्या बाईचा खासगीपणा कायद्याला दिसतो, माझा चाचपडून शोधावा लागतो. हे मला आजही पटत नाही.

शेवटी मॅडमनी कलम २३चा उल्लेख केला, पण पाठीमागे. पुढे ठेवलं ते पुट्टस्वामी प्रकरण, २०१७चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा. आणि त्याहून पुढे साधा मुद्दा: ‘आवश्यक किंवा इष्ट’ म्हणजे काय? फाईलमध्ये नेमकं काय आहे आणि ते कशासाठी लागतंय हे अर्जात कुठेही नाही. नुसतं बघू तर काय सापडतंय, ह्याला कायदा परवानगी देत नाही.

पण हे बोलायचं कोणी? पहिली झटापट त्यावरच झाली. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. मी साक्षीदार, फार तर फिर्यादी. माझ्या वकिलांनी सरकारी वकिलांच्या सांगण्याप्रमाणे चालायचं, पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद द्यायचा, एवढीच जागा कलम ३०१ देतं. समोरच्या वकिलांनी नेमका तोच आक्षेप घेतला. मॅडमनी एप्रिल २०२२चा जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा हा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात पीडितांना नीट ऐकून न घेता जामीन दिला म्हणून सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला होता आणि म्हटलं होतं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. न्यायाधीशांनी रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, तसं लिहून आम्हाला ऐकायचं मान्य केलं. माझ्या आयुष्याबद्दलच्या कागदांवर मला बोलू द्यायचं का, ह्यावर एक अख्खी तारीख गेली.

युक्तिवादाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. समोरच्या वकिलांचा मुद्दा फालतू नव्हता. ते म्हणाले, फिर्यादच सांगते की तक्रारीच्या आधी ही बाई समुपदेशकांशी बोलली. म्हणजे घटनेचं पहिलं कथन तिथे आहे, पोलिसांकडचं दुसरं. तीन महिन्यांत कथन बदललं का, कोणी बदलायला सांगितलं का, हे तपासायचा आरोपीला हक्क नाही का? मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मॅडमनी उत्तर दिलं की त्या नोंदी म्हणजे माझं कथन नव्हेच. त्या लिहिल्या तेव्हा मी वाचल्या नव्हत्या, त्यांवर माझी सही नाही, त्या समुपदेशकाने स्वतःच्या कामासाठी केलेल्या टिपा आहेत. त्या दाखवून माझ्याशी विसंगती कशी सिद्ध करणार? आणि उशिराचाच प्रश्न असेल तर त्याला तारीख पुरेशी आहे.

सरकारी वकील उठले आणि म्हणाले, ‘फिर्यादीच्या वकिलांशी सहमत.’ पूर्ण वाक्यही नाही. पण मला तेवढंही खूप वाटलं.

आदेश पुढच्या तारखेला झाला, दोन टप्प्यांत. आधी संस्थेने फाईल सीलबंद लिफाफ्यात फक्त न्यायाधीशांकडे द्यावी, कोणाही पक्षकाराला प्रत देऊ नये. ताई स्वतः घेऊन आल्या, लाखेचा शिक्का लावलेला खाकी लिफाफा, शिरस्तेदारांनी वहीत नोंद करून घेतला. न्यायाधीशांनी तो चेंबरमध्ये वाचला. त्यानंतर दुसरा आदेश: मी पहिल्यांदा केंद्रात आले ती तारीख आणि ह्या घटनेबद्दल पहिल्यांदा बोलले ती तारीख, एवढ्या दोनच गोष्टी संस्थेने पत्राने कळवाव्यात. बाकी मजकुराचा वादमुद्द्याशी संबंध नाही. काही भाग तर विचारायलाही मनाई असलेल्या स्वरूपाचा आहे. लिफाफा पुन्हा सील करून संस्थेला परत. ताईंना साक्षीला बोलवायची बचाव पक्षाची पर्यायी मागणीही नामंजूर.

आम्ही जिंकलो असं सगळे म्हणाले. मॅडमनी चहा पाजला. मला आनंद झाला, पण नाही म्हटलं तरी एक गोष्ट खुपत राहिली. आईबद्दल मी जे बोलले ते आता न्यायाधीशांना माहीत होतं. त्यांच्याच समोर पिंजऱ्यात उभं राहून मला साक्ष द्यायची होती. सरतपासाच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांच्या वेळी न्यायाधीशांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, ह्यांनी रुमालाच्या घड्यांचं वाचलंय. मी रुमाल पर्समध्ये टाकला. कुठला आदेश हे पुसू शकणार? दुसरा मार्ग नव्हता हेही कळतं. कोणीतरी वाचल्याशिवाय कोणालाच वाचू द्यायचं नाही हे ठरणार कसं?

उलटतपासात तो विषय निघालाच. ‘समुपदेशकांनीच तुम्हाला फिर्याद द्यायला लावली ना?’ मी नाही म्हटलं. ‘तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?’ न्यायाधीशांनी तिथेच थांबवलं, आदेश झालेला आहे, पुढचा प्रश्न घ्या. बचाव पक्ष हायकोर्टात जाईल अशी भीती होती, त्यांनी तसं बोलूनही दाखवलं होतं, पण गेले नाहीत.

ह्या सगळ्यात नुकसान झालं ते वेगळ्याच ठिकाणी. अर्ज पडून होता त्या महिन्यांत मी ताईंकडे जात होते, पण बोलत नव्हते. हवापाण्याचं, ऑफिसचं. साक्ष जवळ आलेली, झोप पुन्हा उडालेली, म्हणजे समुपदेशनाची गरज होती ती त्याच दिवसांत. आणि मी तोंड उघडायच्या आधी टेबलावरच्या पेनाकडे बघायची. ताईंनी ते ओळखलं, पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. तरी जमेना. खटला संपल्यानंतर हळूहळू सुरू झालं.

ताईंच्या संस्थेने आता पद्धत बदलली आहे. नोंदी थोडक्यात लिहितात: तारीख, तक्रारीचं स्वरूप, पुढची भेट. बाईची वाक्यं अवतरणात लिहीत नाहीत. ह्याचा तोटा ताईंनीच मला सांगितला. दोन महिन्यांनी बाई परत आली की मागच्या वेळी नेमकं काय बोलली होती ते आठवावं लागतं, आणि एका ताईकडे किती बाया असतात! दुसरा बदल म्हणजे आता पहिल्याच भेटीत सांगतात की कोर्टाने मागितलं तर काही गोष्टी द्याव्या लागू शकतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोखाली, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, हेही तेव्हाच. हे ऐकून एखादी बाई पदर सावरून उठते आणि परत येत नाही, असं ताई म्हणाल्या. तरी सांगायचं की नाही, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगा म्हटलं. त्यांच्या एका सहकारी मॅडमना ते अजून पटलेलं नाही.

माझी केस जुन्या कायद्यांतली, म्हणून सगळी कलमं जुनी. १ जुलै २०२४ पासून ९१च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आलंय. वाचून पाहिलं. ‘आवश्यक किंवा इष्ट’ तसंच आहे, ताब्यात असेल त्याला, तेही तसंच. भर पडली आहे ती इलेक्ट्रॉनिक संदेशांची आणि ज्यांत डिजिटल पुरावा असू शकेल अशा उपकरणांची. म्हणजे ताईंना रात्री दोन वाजता पाठवलेले व्हॉट्सअॅप मेसेज, व्हिडिओ कॉलवरचं समुपदेशन, अॅपमधल्या नोंदी, सगळंच मागता येईल. मागू नये असं नाही. मागणाऱ्याने कारण सांगावं आणि जिच्याबद्दल मागतोय तिला नोटीस जावी, एवढी एक ओळ त्या कलमात घालायला काय हरकत होती?

आदेशाची नक्कल मी काढून ठेवली आहे. ती दाखवायची परवानगीही मॅडमनी त्याच अर्जात मागून घेतली होती. नाव, गाव, गुन्हा नंबर काळ्या पेनाने झाकलेली एक प्रत त्यांच्याकडे आहे, एक ताईंच्या संस्थेत. कोणाच्या वकिलांना युक्तिवाद बसवायला उपयोगी पडली तर त्यांनी बघावी. एका सत्र न्यायालयाचा आदेश दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, हे मॅडमनी मला बजावून सांगितलंय, म्हणून मीही सांगते. मागच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वकिलांनी ती मागून नेली. त्यांच्या अशील बाईलाही नोटीस आलेली नव्हती. तिला कळलं ते केंद्रातल्या शिपाई मावशींकडून.